शब्दावर उभी राहिलेली भिंत

“मोबदला कुठे आहे?” हा प्रश्न तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मी तीस वर्षं ऐकत आलो. विचारणारा वकील जिंकल्याच्या आवाजात विचारतो आणि ज्याला विचारला जातो तो पक्षकार मान खाली घालतो. गेल्या महिन्यात एका विधी महाविद्यालयात व्याख्यान ऐकायला गेलो, तिथे तोच प्रश्न पुन्हा कानावर आला. वक्ते दिवाणी कायद्यात मुरलेले, माझ्याहून ज्येष्ठ. त्यांनी मुलांना सांगितलं की वर्गणीच्या यादीत टाकलेला आकडा, सत्काराच्या भाषणात जाहीर केलेली देणगी, मेळाव्यात उठून कबूल केलेली मदत हे सगळं सौजन्य आहे, करार नाही. देणाऱ्याला बदल्यात काय मिळतं? हार आणि नारळ. बदल्यात काही मिळत नसेल तर करार नाही, आणि करार नसेल तर कोर्टाचा संबंध नाही. पुढे ते म्हणाले की असली वचनं कोर्टं वसूल करून द्यायला लागली, तर उद्या समाजात कोणी माइक हातात धरणार नाही.

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या वह्यांसाठी हा प्रतिवाद लिहितो आहे. त्यातली काही मुलं चार-पाच वर्षांत माझ्याच बारमध्ये येतील आणि एखाद्या हेडमास्तरांना तोच प्रश्न त्याच आवाजात विचारतील.

हेडमास्तर म्हणालो ते उगाच नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मुंबईत धंद्यात नाव काढलेले एक गृहस्थ आले होते. शाळेच्या दोन खोल्या पत्र्याच्या होत्या, पावसात तिथे वर्ग भरत नसे. गृहस्थ माइकवर म्हणाले, “पाच लाख माझे. वाट बघू नका, कामाला लागा.” टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी हेडमास्तरांना पुन्हा बजावलं की पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे. शाळेने ठेकेदाराशी करार केला, पतसंस्थेतून उचल घेतली, पाया खणला, भिंती चढवल्या. पैसे मागायला गेले तेव्हा गृहस्थांची वेळ मिळेना. मग निरोप आला की परिस्थिती बदलली आहे, जमणार नाही. हेडमास्तर कागदांची पिशवी घेऊन बाररूममध्ये आले. एका ज्येष्ठ वकिलांनी पिशवी न उघडताच विचारलं, “गुरुजी, मोबदला कुठाय? त्यांना तुम्ही काय दिलंत?” मी तेव्हा तरुण होतो. मीही मान डोलावली. ती मान डोलावणं मला अजून टोचतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २(ड) मध्ये प्रतिफलाची, म्हणजे मोबदल्याची, व्याख्या आहे. तिचा आशय असा : वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून वचन घेणाऱ्याने किंवा दुसऱ्या कोणी काही केलं असेल किंवा करायचं टाळलं असेल, करत असेल किंवा टाळत असेल, अथवा करण्याचं वा टाळण्याचं कबूल करत असेल, तर ती कृती, ते टाळणं किंवा ती कबुली म्हणजे त्या वचनाचं प्रतिफल. ही व्याख्या पुन्हा वाचा. वचन देणाऱ्याला लाभ झाला पाहिजे असं तिच्यात कुठे आहे? ‘फायदा’, ‘किंमत’, ‘बदल्यात’ यांतला एकही शब्द नाही. आहे तो शब्द ‘इच्छा’. दुसऱ्याने जे केलं ते तुमच्या इच्छेवरून केलं का, एवढंच कायदा विचारतो.

घोटाळ्याचं एक मूळ भाषेत आहे असं मला वाटतं. पुस्तकी मराठीत ‘प्रतिफल’ म्हणतात, पण कोर्टात आणि दस्तात चालतो तो ‘मोबदला’. त्या शब्दाच्या पोटातच ‘बदल’ बसला आहे, अदलाबदल. खरेदीखतात, साठेखतात, भाडेकरारात तो चपखल बसतो, कारण तिथे एका हाताने वस्तू जाते आणि दुसऱ्या हातात पैसे येतात. रोजच्या कामात नव्वद टक्के असेच दस्त असल्यामुळे वकिलाच्या डोक्यात कायद्याची व्याख्या मागे पडते आणि शब्दाचा अर्थ पुढे येतो. मग देणगीदाराच्या हातात काय आलं ते आपण शोधत बसतो. हार आणि नारळाच्या पलीकडे काही दिसत नाही आणि आपण फाईल मिटतो.

वक्त्यांचं म्हणणं तपासायला दोन जुने निकाल पुरेत. ते शेजारी ठेवून कोणी शिकवत नाही याचं मला दुःख आहे.

पहिला कलकत्ता उच्च न्यायालयाचा, १८८६ सालचा, केदारनाथ भट्टाचार्जी विरुद्ध गोरी महमद. हावड्याला टाऊन हॉल बांधायचा होता. नगरपालिकेच्या कमिशनरांनी वर्गणीची यादी फिरवली. यादी वाढत गेली तसे नकाशेही वाढले आणि २६,००० रुपयांचं काम ४०,००० वर गेलं. या भरवशावर कमिशनरांनी ठेकेदाराशी करार केला. गोरी महमद यांनी यादीत १०० रुपये लिहिले होते, ते त्यांनी दिले नाहीत. कोर्टाने ते द्यायला लावले. कारण साधं होतं. वर्गणी कशासाठी आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक होतं, आणि आपल्या सहीच्या भरवशावर ठेकेदाराचं देणं कोणीतरी अंगावर घेणार आहे हेही ठाऊक होतं. गोरी महमद यांना बदल्यात काय मिळालं? शहरातल्या इतर कोणालाही मिळालं असतं त्याहून काडीभर जास्त नाही. तरी ते बांधले गेले.

दुसरा निकाल अलाहाबादचा, १८८० सालचा, दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव. तिथे एकाने कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वतःच्या खर्चाने बाजार बांधला. त्या बाजारात दुकानं थाटणाऱ्यांनी त्याला विक्रीवर दलाली देण्याचं कबूल केलं. मग दिली नाही. इथे वचन देणाऱ्यांना लाभ झाला होता, अख्खा बाजार आयता मिळाला होता. वक्त्यांच्या कसोटीने हा दावा सहज मंजूर व्हायला हवा. तो फेटाळला गेला, कारण बाजार कलेक्टरच्या इच्छेवरून बांधला होता, दुकानदारांच्या नाही.

एकात लाभ नाही आणि जबाबदारी आहे. दुसऱ्यात लाभ आहे आणि जबाबदारी नाही. ‘बदल्यात काय मिळालं’ हीच कसोटी असती तर दोन्ही निकाल उलटे लागले असते. इंग्लंडमध्येही करी विरुद्ध मिसा या १८७५ च्या खटल्यातल्या प्रसिद्ध व्याख्येत एकाचा लाभ किंवा दुसऱ्याची झीज, यांपैकी काहीही चालतं. वक्त्यांनी सांगितलेला कायदा तेव्हा इंग्लंडचाही नाही आणि आपला तर नाहीच.

आपला कायदा करणाऱ्यांनी इंग्लंडचे अनेक काटे मुद्दाम काढून टाकले होते, हे विसरलं जातं. प्रतिफल वचन घेणाऱ्यानेच दिलं पाहिजे असं इंग्लंडने १८६१ साली ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सनमध्ये ठरवलं होतं. अकरा वर्षांनी आलेल्या आपल्या कायद्यात ‘किंवा दुसऱ्या कोणी’ हे शब्द घातले गेले. १८८२ साली मद्रासच्या चिन्नय्या विरुद्ध रामय्या खटल्यात त्यांचा उपयोग झाला. आईने मुलीला मालमत्ता बक्षीस दिली आणि आपल्या नातलगाला दरसाल ६५३ रुपये देण्याची अट घातली. मुलीने त्या नातलगाला तसं लिहून दिलं आणि नंतर म्हणाली की त्यांच्याकडून मला काहीच आलं नाही. कोर्टाने तिला पैसे द्यायला लावले. कर्जाची पुरी रक्कम येणं असताना थोड्यावर भागवून घेतलं तर उरलेलं कर्ज सुटलं का? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८४ साली फोक्स विरुद्ध बिअरमध्ये नाही म्हटलं, कारण सूट द्यायला वेगळं प्रतिफल नव्हतं. आपल्या कलम ६३ खाली कर्ज सुटतं. उदाहरणात ५,००० चं देणं २,००० वर मिटलेलं दाखवलंच आहे. ज्यांना वचन म्हणजे निव्वळ देवाणघेवाण वाटते त्यांनी कलम ६३ चं काय करायचं ते सांगावं.

आणि कलम २५. मोबदल्याशिवायचा करार शून्य, हे वाक्य तिथूनच येतं आणि तिथेच थांबवलं जातं. त्याच कलमात तीन अपवाद आहेत आणि त्यांपैकी एकातही बदल्यात काही मिळत नाही. हरवलेली पैशाची पिशवी कोणी परत आणून दिली आणि मालकाने त्यानंतर ५० रुपये कबूल केले, तर तो करार आहे. मुदत संपल्याने कोर्टात न चालणारं कर्ज फेडण्याचं लेखी वचन सही करून दिलं, तर तो करार आहे. जवळच्या नात्यात स्वाभाविक प्रेमापोटी लिहून, नोंदवून दिलेलं वचनही करार आहे.

या शेवटच्या अपवादाजवळ मी थोडा थांबतो, कारण शब्दाच्या मागे न जाता भावनेची नोंदवही तपासायला कोर्ट बसलं की काय होतं ते तिथे दिसतं. १८९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे भिवा विरुद्ध शिवराम हा खटला आला. भावाभावांचा जमिनीचा दावा आधी फेटाळला गेला होता. मग दावा जिंकलेल्या भावानेच समेट व्हावा म्हणून अर्धी मालमत्ता देण्याचं लिहून नोंदवून दिलं आणि नंतर हात वर केले. कोर्ट म्हणालं की भावाशी गोडी व्हावी म्हणून मालमत्ता द्यायला तयार होणं हेच प्रेम आहे. १९०० साली कलकत्त्याला राजलखी देवी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी या खटल्यात पतीने भांडणांनंतर पत्नीला वेगळं राहण्यासाठी खर्च देण्याचं लिहून नोंदवून दिलं होतं. तिथे कोर्टाने त्याच दस्तातली भांडणं वाचली आणि म्हटलं की यात प्रेम नाही, म्हणून वचन बंधनकारक नाही. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांमध्ये घर सोडावं लागलेली बाई रिकाम्या हाताने परत गेली. तिचा दस्त नोंदलेला होता, पतीची सही होती, रक्कम ठरलेली होती. सगळं होतं, फक्त जिथे प्रेम आटलं म्हणूनच दस्त करावा लागला तिथे प्रेमाचा पुरावा नव्हता. हा निकाल मला कधीच पटला नाही, आणि ज्यांना ‘मोबदला’ हा वचनाच्या गांभीर्याचा उत्तम पुरावा वाटतो त्यांना मी तो दाखवतो.

गांभीर्याचा पुरावा हा वक्त्यांचा दुसरा मुद्दा होता आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. माणूस उत्साहात काहीही बोलतो. मोबदला असला की त्याने विचार करून शब्द दिला एवढं तरी कळतं, आणि कोर्टापुढे खोट्या वचनांचे दावे घेऊन येणाऱ्यांना चाप बसतो. मान्य. हे ओझं कायद्याने वाहिलंच पाहिजे. पण मोबदला ते वाहतो का? कलम २५ च्याच स्पष्टीकरणाप्रमाणे मोबदला पुरेसा असण्याची गरज नाही. १,००० रुपयांचा घोडा १० रुपयांना विकण्याचा करार, संमती मोकळी असेल तर, करार आहे. कमी किमतीवरून संमती खरी होती का याची शंका कोर्टाला घेता येईल, एवढंच. दस्त लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, ‘मोबदला रुपये एक फक्त’ अशी ओळ त्याने आयुष्यात किती वेळा लिहिली आहे. त्या एका रुपयाने कोण विचार करून बोललं ते कळतं? उलट गावातला साधा माणूस जी काळजी खरोखर घेतो, म्हणजे स्टॅम्पपेपर आणतो, आता पाचशेचा आणतो, दोन साक्षीदार उभे करतो, नोटरीचा शिक्का घेतो, तिला मोबदल्याच्या हिशेबात शून्य किंमत आहे. स्टॅम्पपेपर म्हणजे सरकारचं शुल्क. तो प्रतिफलाची जागा घेत नाही. किती जणांना हे कोर्टात पोचल्यावर कळलं ते मी पाहिलं आहे.

वचन गंभीर होतं का, हे ओळखायला त्यावर विसंबून दुसऱ्याने काय केलं यापेक्षा भक्कम पुरावा कुठला? ठेकेदाराचा करार, पतसंस्थेचा हप्ता, सिमेंटची बिलं, खणलेला पाया हे खोटं तयार करता येत नाही. कोणी पाच लाखांच्या खोट्या दाव्यासाठी स्वतःच्या पैशाने भिंती चढवत नाही. वक्त्यांना ज्या खोट्या दाव्यांची भीती वाटते ते दावे या कसोटीवर पहिल्याच दिवशी उघडे पडतात.

उरला देणगीदार घाबरण्याचा मुद्दा. हावड्याचा निकाल येऊन एकशे चाळीस वर्षं होत आली. तेवढ्या काळात या देशात वर्गण्या थांबल्या का? आमच्याच जिल्ह्यातल्या शाळा, धर्मशाळा, वाचनालयं, गणपतीचे मांडव वर्गणीवर चालले. निकाल भीतीदायक असता तर त्याचा परिणाम केव्हाच दिसला असता. देणाऱ्याला स्वतःला मोकळं ठेवायचं असेल तर मराठीत वाक्यांची कमी नाही. ‘जमेल तसं बघतो’, ‘काम पुरं झालं की हातभार लावीन’, ‘आधी सुरू करा, मग बोलू’ असं म्हणणाऱ्यावर कोणी दावा लावू शकत नाही आणि कोणी लावूही नये. आम्हाला भीती दुसऱ्या बाजूची वाटली पाहिजे. शब्दावर विसंबून कर्ज काढणारा हेडमास्तर उद्या कर्ज काढणार नाही. पैसे आधी हातात आल्याशिवाय कुदळ मारणार नाही. आणि पैसे आधी हातात येत नाहीत म्हणूनच तर वर्गणीची यादी फिरते. एकाचं नाव बघून दुसरा आकडा टाकतो, दहा आकडे झाले की ठेकेदार ठरतो. या साखळीतली एक कडी तुटली की ओझं त्या माणसावर पडतं ज्याने सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला. कायद्याने कोणाची बाजू घ्यायची?

मद्रासचा १९३५ सालचा दोरास्वामी अय्यर विरुद्ध अरुणाचल अय्यर हा निकाल माझ्यावर उलटवला जाईल, म्हणून मीच सांगतो. मंदिराच्या दुरुस्तीचं काम सुरू होतं, पैसे कमी पडले, यादी फिरली, एकाने १२५ रुपये लिहिले आणि दिले नाहीत. दावा फेटाळला गेला, कारण काम आधीच चालू होतं, त्याच्या सांगण्यावरून कोणी काही अंगावर घेतलं असं दिसलं नाही. अलाहाबादला १९१४ मध्ये मशिदीच्या दुरुस्तीसाठी ५०० रुपये कबूल करून न देणाऱ्यावरचा दावाही असाच गेला, त्या वचनावर कोणी काहीच केलं नव्हतं. हे निकाल मला मान्य आहेत. ते माझ्या बाजूचे आहेत. हरले ते बदल्यात काही दिलं नाही म्हणून हरले नाहीत, विसंबून काही केलं नाही म्हणून हरले. आमच्या गावच्या गृहस्थांनी अर्ध्या झालेल्या कामाला नुसता आकडा लावला असता तर मीही म्हटलं असतं, गुरुजी, सोडून द्या. पण ते म्हणाले होते, “वाट बघू नका, कामाला लागा.” त्या पाच शब्दांत कलम २(ड) मधली ‘इच्छा’ जशीच्या तशी आहे. कायदा लिहिणाऱ्याने उदाहरण शोधलं असतं तर याहून स्पष्ट सापडलं नसतं.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला भेटतात. ते म्हणतात, हे मोबदल्याचं खूळ इंग्रजांचं, आपली परंपरा शब्दाची, हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेलं राज्यही देऊन टाकलं. त्यांच्याशीही मी सहमत नाही. हरिश्चंद्र होणं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, कोर्टाने कोणाला हुकूमनामा काढून हरिश्चंद्र करू नये. मनात आलेल्या, कोणीही विसंबून न राहिलेल्या वचनातून माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. नाहीतर घरातल्या जेवणाच्या पंगतीतून दावे निघतील.

सरकारच्या बाबतीत आपल्या न्यायालयांनी हा विचार कधीच पुढे नेला आहे, ही गोष्ट मला सगळ्यांत अस्वस्थ करते. १८६५ साली मुंबई सरकारने तिथल्या नगरपालिकेला जुन्या मंडया हलवायला सांगून नवी जागा भाडं न घेता देण्याचा ठराव केला. रीतसर दस्त झालाच नाही. पालिकेने जुन्या जागा सोडल्या आणि मंडयांवर १७ लाख खर्च केले. १९४० साली कलेक्टरने त्या जागेवर सारा बसवला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात न्या. चंद्रशेखर अय्यर यांनी सरकारने दिलेल्या शब्दाला न्यायबुद्धीने बांधून ठेवलं. मग मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा निकाल आला, डिसेंबर १९७८ चा. उत्तर प्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफ असं सांगितलं. त्या भरवशावर कंपनीने कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना उभा केला. मग सरकारने शब्द फिरवला. न्या. भगवती आणि न्या. तुळजापूरकर यांनी सांगितलं की शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपली परिस्थिती बदलली असेल तर प्रतिफल नसलं तरी शब्द मोडता येणार नाही, आणि हा नियम फक्त बचावाची ढाल म्हणून नाही, दाव्याचं कारण म्हणूनही वापरता येईल. कारखानदाराला सरकारविरुद्ध जे मिळालं ते खेड्यातल्या शाळेला एका धनिकाविरुद्ध मिळू नये असं तत्त्व मला कुठे सापडलेलं नाही. तरी तालुक्याच्या कोर्टात खासगी माणसाविरुद्ध हा निकाल दाखवला की समोरून तोच प्रश्न येतो, मोबदला कुठे आहे.

विधी आयोगाने हे दोनदा सांगितलं. १९५८ च्या तेराव्या अहवालात त्याने सुचवलं की दुसरा विसंबेल हे माहीत असताना दिलेलं आणि ज्यावर विसंबून दुसरा नुकसानीत गेला असं वचन कलम २५ च्या अपवादांत घालावं. १९८४ च्या एकशे आठव्या अहवालात त्यासाठी कलम २५-अ असं नवं कलमच सुचवलं. दोन्ही वेळा संसदेने काही केलं नाही. तशी दुरुस्ती झालीच तर एक गोष्ट मी आग्रहाने मागेन. वसुली वचनाच्या पूर्ण आकड्याची असावीच असं नाही. शाळेने पाया खणून थांबवलं असतं आणि दोन लाखच अंगावर आले असते, तर दोन लाखच द्यावे लागावेत. शब्दाने ज्याला खड्ड्यात उतरवलं त्याला तेवढ्याच खोलीवरून वर काढायचं. देणगीदारावर अन्याय होईल म्हणणाऱ्यांचा शेवटचा आक्षेपही यात मिटतो. आजच्या कायद्यात कोर्टांना हे नेमकेपण आणायला वाव कमी आहे, पण म्हणून हावड्याचा निकाल न वाचताच पक्षकाराला परत पाठवण्याचा हक्क वकिलाला मिळत नाही.

हेडमास्तरांनी पतसंस्थेचे हप्ते आपल्या पगारातून फेडले. त्यांच्यापाठोपाठ दोन शिक्षकांनी हातभार लावला. स्लॅब पडला, पण दोन पावसाळ्यांनंतर. गृहस्थांवर दावा झाला नाही. काही वर्षांपूर्वी हेडमास्तर वारले आणि त्यांच्या मुलाने ती पिशवी माझ्याकडे आणून ठेवली. मी ती पहिल्यांदा तेव्हा उघडली. तिच्यात शाळेने गृहस्थांना पाठवलेल्या आभाराच्या पत्राची प्रत आहे आणि तिला पोच जोडलेली आहे. पत्रात लिहिलंय, आपल्या सूचनेप्रमाणे काम सुरू करीत आहोत. तारीख ठेकेदाराच्या करारापूर्वीची, चार दिवस आधीची. म्हणजे ज्या पुराव्यावर हावड्याचा दावा टिकला तसा पुरावा त्या सकाळी बाररूमच्या टेबलावर होता. आम्ही पिशवी उघडली नव्हती.

दाव्याची मुदत कधीच संपली. आता उरलं आहे ते कलम २५(३) : मुदतबाह्य कर्जाचं लेखी, सही केलेलं वचन. त्याला नव्या मोबदल्याची गरज नाही. ते गृहस्थ हयात आहेत. पत्राची प्रत आणि हप्त्यांच्या पावत्या घेऊन येत्या महिन्यात मी त्यांना भेटायला जाणार आहे, एक कोरा कागदही बरोबर नेईन.